फुगोबाची पिशवी

“पाण्याचं पिंप कुठंय?” मिस्त्रींनी विचारलं.

पॅकिंग खात्यातल्या चार बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कारखान्याच्या पुढच्या दालनात भिंतीला लागून खोक्यांची उतरंड रचली होती. त्या खोक्यांसमोर सत्तरीला टेकलेला एक सडपातळ माणूस बाह्या दुमडून, कमरेवर हात ठेवून उभा होता. खांद्याला कॅनव्हासची जाड पिशवी. तो जरा हलला की पिशवीतलं लोखंड बोलायचं.

“प्यायचं पाणी त्या कोपऱ्यात आहे, काका,” चौघींतली थोरली म्हणाली.

“मला नको. विटांना हवंय.”

“विटांना?”

“मग? भिजवायच्या नाहीत का? कोरडी वीट लावली की सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन बसते. मग माल धरत नाही. उद्या तुमचा हा पाणघोडा नखाने उकरला तरी सुटेल.”

थोरलीला वरून हुकूम होता, मिस्त्री सांगतील तसं करायचं. बावीस वर्षं नोकरी करून तिला एवढं कळलं होतं, की हुकूम पाळताना चूक झाली तर ती हुकूम देणाऱ्याची असते आणि डोकं चालवताना झाली तर आपली. तिने मागच्या अंगणात सहा पिंपं भरवली आणि सहा खोकी त्यांत रिकामी केली.

विटा बुडेनात. जांभळ्या, निळ्या, पिवळ्या, बोटाच्या पेराएवढ्या विटा पाण्यावर मजेत तरंगत राहिल्या. तरंगणारी वीट मिस्त्रींनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. पण हल्ली सगळंच हलकं निघतं, त्यात विटाही निघाल्या तर नवल काय, असं म्हणून त्यांनी एका पिंपावर आतल्या मापाची फळी ठेवली आणि फळीवर आपली हत्यारांची पिशवी ठेवली. विटा मुकाट्याने खाली गेल्या.

“बघा,” मिस्त्री म्हणाले, “वजन पडलं की सगळे ऐकतात.”

आता यात चूक कुणाची म्हणाल, तर कारकुनाची. कारखाना खेळण्यातल्या विटांचा. वर बटणं, खाली खळगे, एकीत एक टचकन बसणाऱ्या विटा. नव्या दालनात त्याच विटांचा बारा फुटी पुतळा उभारायचा असं ठरलं होतं. पुतळा फुगोबाचा. फुगोबा म्हणजे टीव्हीवरच्या कार्टूनमधला पाणघोडा. तो पोस्टमन आहे आणि प्रत्येक पत्र चुकीच्या घरी टाकतो. पोरं त्याच्यावर जीव टाकतात. तर पुतळ्यासाठी हुशार हात हवेत म्हणून कारकुनाने पेपरात जाहिरात दिली. जाहिरातीत शब्द कमी करायची त्याला जन्माची सवय. त्याने ‘खेळण्यातल्या’ हा एकच शब्द गाळला. उरलं ते असं : ‘विटांच्या कामाचा दीर्घ अनुभव असलेला कारागीर पाहिजे.’

अर्ज एकच आला. फोनवर कारकुनाने विचारलं, “पाणघोडा बांधता येईल?” मिस्त्रींनी आयुष्यात विहिरी बांधल्या होत्या, धुराडी बांधली होती, शाळा, तुरुंग आणि एका डॉक्टरांचं वाकडंच हवं असलेलं घरही बांधलं होतं. पाणघोडा तेवढा राहिला होता.

“बांधू,” ते म्हणाले.

अकरा वाजता डिझायनरबाई आल्या. पुतळ्याचं चित्र त्यांनी संगणकावर केलं होतं. वयाने त्या मिस्त्रींच्या धाकट्या लेकीएवढ्या. मागच्या अंगणातली पिंपं पाहून त्या आधी खाली बसल्या आणि मग ओरडल्या.

“काका! अहो, हे प्लॅस्टिक आहे!”

“दिसतंय की.”

“प्लॅस्टिक पाणी पीत नाही!”

मिस्त्रींनी पिंपातून एक वीट काढली, झटकली आणि जिभेला लावून पाहिली. वीट कितपत भिजली ते बघायची त्यांची ही जुनी रीत. “खरंच नाही पीत,” त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं. “निर्व्यसनी वीट आहे.”

“अहो, पण पुतळ्याच्या विटा चिकटवायच्यात, आणि ओल्या विटेला गोंद धरत नाही! बटणाबटणांत पाणी गेलंय. आता प्रत्येक वीट वाळवायची?”

“वाळवू. आम्ही काय पळून चाललोय?”

पण पळायची वेळ आलीच. व्यवस्थापक साहेब आले, त्यांनी पिंपं पाहिली, पिशवी पाहिली, पिशवीतली थापी पाहिली आणि घसा साफ करून म्हणाले, “मिस्त्री, जरा गैरसमज झाला. उद्यापासून यायची तसदी घेऊ नका.”

“बरं,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी पिशवी खांद्याला लावली. जाता जाता दालनातल्या भिंतीवरचं मोठं चित्र त्यांना दिसलं. फुगोबा धावतोय. एक पाय जमिनीवर, दुसरा मागे हवेत. पुढे ताणलेल्या हातात टोपी, पाठीवर टपालाची पिशवी. मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला. पितळी, माणसाच्या मुठीत मावेल एवढा, टोकाशी झिजलेला. दोरी चिमटीत धरून त्यांनी तो चित्रासमोर लोंबता सोडला आणि डावा डोळा मिटला.

“जातो मी. पण हा नाकावर पडणार.”

“संगणकाने सांगितलंय, उभा राहतो,” डिझायनरबाई म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

“संगणकाच्या अंगावर कधी भिंत पडलीय का?”

यावर थोरली छताकडे पाहू लागली. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. कारण पहिला फुगोबा गेल्याच महिन्यात नाकावर पडला होता. सुदैवाने रविवारी, आणि दालनात कुणी नसताना. त्याचे तुकडे अजून मागच्या खोलीत पोत्यांत भरून ठेवले होते आणि ती खबर कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलेली नव्हती.

“आत लोखंडी सळई का नाही घालत?” मिस्त्रींनी विचारलं.

साहेबांनी बोट दाखवलं. दाराशी पाटी तयार होती : ‘निव्वळ आमच्या विटा. आत लोखंडाचा तुकडाही नाही.’ पुतळ्याच्या आधी पाटी तयार झाली होती. बऱ्याच संस्थांत असंच असतं.

“मग उद्या किती वाजता येऊ?” मिस्त्रींनी विचारलं.

साहेब म्हणाले, “आठला.”

घरी मिस्त्रींनी पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली. ती खुंटी म्हणजे त्या घरातलं चार वर्षांचं भांडण. मिस्त्रींनी काम सोडल्यापासून त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं, की ते लोखंड माळ्यावर टाका आणि खुंटी मोकळी करा. घरात दुसरी खुंटी नाही, ओला टॉवेल घालायला जागा नाही, आणि दार उघडलं की पिशवी भिंतीवर आपटते. भिंतीवर तिच्या आकाराचा काळा डागही पडला होता.

“काय बांधायला बोलावलंय?” तिने विचारलं.

“पाणघोडा. फुगोबा का कोण तो.”

बायकोच्या हातातला तांब्या थांबला. “फुगोबा? अहो, तो रोज चारला लागतो! मी बघते की!”

“तू बघतेस? मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही त्या वेळी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत असता. मध्ये कोण बोलणार?”

हे खरं होतं. काम सुटल्यापासून मिस्त्री दिवसातून तीनदा घरातल्या तसबिरी सरळ करायचे आणि विचारायचे, “सरळ आहे का गं?” ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, “आहे हो.” त्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. नवऱ्याला गप्प करायला बाईमाणूस तिरक्या तसबिरीलाही सरळ म्हणेल.

मूळ दुखणं निराळंच होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या ठेकेदाराने एक यंत्र आणलं होतं. बटण दाबलं की भिंतीवर लाल उजेडाची रेघ मारायचं. एका जिन्याच्या भिंतीपाशी मिस्त्री थबकले आणि म्हणाले, “दोन दोरे कललीय.” दोरा म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, सरळ. ठेकेदार सगळ्या माणसांदेखत हसत म्हणाला, “मिस्त्री, भिंत सरळ आहे. नजर कललीय तुमची.” मिस्त्री ओळंबा काढायला वाकले, तोवर गिलाव्याचं घमेलं आलं आणि भिंत झाकली गेली. भिंत खरी की नजर खरी, हा प्रश्न तसाच आत लिंपला गेला. पुढच्या महिन्यात मिस्त्री घरी बसले. मोतीबिंदूही काढून घेतला. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, पण डॉक्टरांना ओळंब्यातलं काय कळतं?

“कसला पोस्टमन गं तो?” मिस्त्रींनी विचारलं. “म्हणे सगळी पत्रं चुकीच्या घरी टाकतो.”

“टाकतो ना. पण ज्याच्या दारात टाकतो त्यालाच त्या पत्राची गरज असते. लिहिणाऱ्यालाच खरा पत्ता माहीत नसतो, असं आहे ते.” मग आवाज बदलून ती म्हणाली, “नीट बांधा हं त्याला. गाल फुगीर ठेवा. आणि पिशवी पाठीवर हवी, खांद्याला नको. लोक हसतील.”

काम तीन आठवडे चाललं. पहिले दोन दिवस विटा वाळवण्यात गेले. सहा पंखे लावून चौघीजणी विटा उलट्यासुलट्या करत बसल्या होत्या. पहिल्या दिवशी त्या मिस्त्रींना हसल्या, दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्यांच्या शेजारी बसून विटा पालथ्या करू लागले तेव्हा हसायच्या थांबल्या.

“काका, आमच्या घरी भाज्यासुद्धा एवढ्या लाडाने कुणी वाळवत नाही,” थोरली म्हणाली.

“भाजी चार दिवसांनी संपते. ह्याला उभं राहायचंय.”

मग चुन्या-मातीचा संसार सोडून मिस्त्रींनी बटणांचा संसार मांडला. विटेची जात बदलली तरी विटेचा धर्म बदलत नाही, हे त्यांनी पहिल्याच थराला ओळखलं. चौघी विटेवर वीट, बरोब्बर डोक्यावर डोकं ठेवून लावत होत्या. दिसायला फार सुबक.

“थांबा, थांबा. सांध्यावर सांधा आणू नका.”

“म्हणजे काय?”

“खालच्या दोन विटा जिथं भेटतात, तिथं वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे. सांध्यावर सांधा आला, की वरपासून खालपर्यंत एकच भेग जाते.” मिस्त्रींनी एक वीट अर्धी सरकवून लावली. “घरातसुद्धा बघा. दोघं एकाच वेळी चिडली की संपलं. एक चिडला की दुसऱ्याने पोट पुढे करायचं.”

“आमच्या घरी पोट एकाचंच पुढे आहे,” थोरली म्हणाली, आणि चौघी इतक्या हसल्या की एक थर पुन्हा लावावा लागला.

डिझायनरबाईंशी त्यांचं भांडण मात्र घोट्यावरून झालं. चित्रात पाय पोकळ होता. मिस्त्री म्हणाले, “घोटा भरीव करायचा. सगळा भार त्यावर आहे.”

“मग विटा पुरणार नाहीत, काका. मी एकेक वीट मोजून घेतलीय.”

“पिशवी कशी आहे पाठीवरची? पोकळच ना? तीही भरायची. पुढे टोपी ओढतेय, तर मागून पिशवीने धरायला नको? तुमचा हा पोस्टमन पळतोय कशाच्या जोरावर? टपालाच्या.”

डिझायनरबाईंनी संगणकात पिशवी भरून पाहिली. “बरोबर येतंय,” त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःच कारखान्याच्या भांडारात गेल्या आणि आणखी चार खोकी विटा भांडून आणल्या. त्या दिवसापासून त्या ‘काका’ म्हणत त्यात थोडं जास्त वजन असायचं, आणि मिस्त्री त्यांना ‘बाई’ऐवजी ‘पोरी’ म्हणू लागले.

फुगोबा वर चढत गेला. घोटा, गुडघा, जांभळं पोट, बायकोने बजावले होते तसे फुगीर गाल. पोटावर हात फिरवला की बटणं लागायची. मिस्त्रींना त्यात एक वेगळंच सुख होतं आणि ते त्यांनी एका दुपारी, विटांना खडूने खुणा करता करता, बोलूनही दाखवलं.

“चाळीस वर्षं विटा लावल्या. एकसुद्धा कुणी पाहिली नाही. लावली की लगेच गिलावा, वर रंग. लोक म्हणणार, काय सुंदर रंग आहे! ह्याला गिलावा नाही. लावली तशी दिसणार.”

फुगोबाच्या नाकाच्या शेंड्यावरून सोडलेला ओळंबा जमिनीवर जिथं टेकायला हवा, तिथं मिस्त्रींनी फरशीवर खडूने फुली काढली होती. झाडूवालीला ताकीद होती, की सगळी फरशी पूस, फुली पुसलीस तर माझ्याशी गाठ आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, टोपी सोडून सगळं झालं. पाठीवरच्या पिशवीचा वरचा भाग तेवढा उघडा होता. तो दोन हात खोल खड्डा उरलेल्या विटांनी भरायचा आणि झडप लावायची, की काम संपलं. ओळंबा सोडला. चित्रातल्या हिशेबाप्रमाणे तो फुलीच्या एक बोट मागे थांबला.

“टोपी बसली आणि पिशवी भरली की बरोबर फुलीवर येईल,” मिस्त्री म्हणाले. “उद्या सकाळी टोपी बसवू, पिशवी भरू, आणि संपलं.” ते घरी गेले.

साहेब मात्र घरी गेले नाहीत. त्यांनी टोपीचं चित्र पाहिलं. टोपीवर कारखान्याचं नाव होतं, पण लहान अक्षरांत. उद्या प्रमुख पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि नाव वाचताच येणार नसेल तर एवढा पाणघोडा पोसायचा कशाला? त्यांनी चौघींना तासभर थांबवून घेतलं आणि टोपी वीतभर मोठी करून चिकटवून घेतली. त्या वेळी डिझायनरबाई निमंत्रणांच्या गडबडीत होत्या. विटा कमी पडल्या तेव्हा साहेबांनी समोर दिसल्या त्या घेतल्या. त्या पिशवीसाठी राखून ठेवलेल्या होत्या.

सकाळी बस बंद पडल्यामुळे आठऐवजी सव्वानऊला मिस्त्री दारातून आत आले आणि फुगोबापासून बारा पावलांवर थांबले.

“नाक खाली आलंय,” ते म्हणाले.

मग त्यांना टोपी दिसली. तिच्यावरचं नाव एवढं मोठं होतं, की ते बाहेरच्या रस्त्यावरूनही वाचता आलं असतं. शिडीवर चढून त्यांनी नाकाला दोरी बांधली आणि ओळंबा सोडला. तो फुली ओलांडून पुढे गेला आणि पाऊण बोटावर थांबला.

“पाऊण बोट!” साहेब हसले. “अहो मिस्त्री, कुणाच्या लक्षात येणार?”

“पृथ्वीच्या,” मिस्त्री म्हणाले.

“दहाला दोनशे मुलं येताहेत.”

“तेच म्हणतोय. पहिला रविवारी पडला म्हणून वाचलात. टोपी लहान करा.”

“चिकटलीय, काका,” डिझायनरबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. “छिन्नी लावली तर अख्खा हात निघेल. आणि वीट एकही उरलेली नाही. पोत्यांतले तुकडेही पाहुणे येणार म्हणून काल भट्टीत गेले. नव्या विटा सोमवारी निघणार.”

“मग मागे वजन टाका. दगड आणा, दगड.”

पहारेकरी धावत बाहेर गेला आणि हात हलवत परत आला. सगळं आवार फरशीने मढवलेलं होतं, औषधालाही दगड नव्हता. मिस्त्रींनी आयुष्यभर जागोजाग हेच केलं होतं, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं.

“पाण्याच्या बाटल्या टाकल्या तर?” थोरली म्हणाली.

“पाणी हलतं. हलणाऱ्या वजनावर मी कुणाला उभं करत नाही.”

“माझा डबा आहे,” पहारेकरी म्हणाला. “स्टीलचा. चार पुडांचा.”

“आणि दुपारी तुला भूक लागली की फुगोबा पडेल.”

साडेनऊ वाजले. साहेब म्हणाले, “मिस्त्री, मी सांगतो ना, राहील उभा. दार उघडा.”

मिस्त्री दारापाशी गेले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. साहेब दोन पावलं पुढे आले, थांबले. हा म्हातारा हलणार नाही हे त्यांना कळलं. उभं कसं राहायचं यातच त्या माणसाचं आयुष्य गेलं होतं.

दाराशी उभं असताना मिस्त्रींच्या खांद्यावरची पिशवी दाराच्या फळीवर आपटली. घरात आपटायची तशीच. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग ती खांद्यावरून काढली, हत्यारं फरशीवर रिकामी केली आणि पिशवी थोरलीच्या हातात दिली.

“शिडीवर चढ. आधी मोकळी पिशवी त्या खड्ड्यात बसव. मग मी देतो तसं एकेक आत टाक. घट्ट बसव, खडखडलं नाही पाहिजे.”

“काका, ही तुमची हत्यारं—”

“चढ म्हणतो ना.”

आधी हातोडी गेली. नाकावरून सोडलेला ओळंबा किंचित मागे सरकला. मग छिन्नी, दोन लहान, एक मोठी. मग काटकोन पाहायचा गुण्या. मग सपाटी पाहायची पाणसळ. मग जुनी थापी, जिची लाकडी मूठ त्यांच्या हाताच्या आकाराची झाली होती. दर हत्यारागणिक खाली डिझायनरबाई गुडघ्यावर बसून ओरडत होत्या, “चार दोरे! तीन दोरे!” नवी थापी गेली. खिळ्यांची पुडी गेली.

“दोन दोरे राहिले, काका.”

मिस्त्रींनी पिशवी जिथं असायची त्या खांद्याकडे हात नेला. तिथं काही नव्हतं. पिशवीतलं सगळं लोखंड आत गेलं होतं. उरला होता तो नाकावरून लोंबणारा पितळी ओळंबा.

तो त्यांच्या उस्तादाचा. उस्तादाने देताना सांगितलं होतं, “माणूस खोटं बोलेल, दोरी खोटं बोलणार नाही.”

त्यांनी दोरी ओढून ओळंबा सोडवून घेतला आणि मुठीत धरला.

“तो टाकला तर मोजणार कशाने?” डिझायनरबाईंनी विचारलं.

“डोळ्याने,” मिस्त्री म्हणाले, आणि ओळंबा थोरलीच्या हातावर ठेवला. “झडप लाव.”

ते पुन्हा दारापाशी गेले. बारा पावलं मोजून. पाठ वळवून क्षणभर थांबले, मग वळले आणि डावा डोळा मिटला. समोर बारा फुटी जांभळा पाणघोडा एका पायावर धावत होता. मिस्त्रींनी त्याच्या नाकापासून जमिनीपर्यंत एक दोरी मनातल्या मनात सोडली आणि ती डोलायची थांबेपर्यंत वाट पाहिली.

“खाली उतर,” ते थोरलीला म्हणाले. “सरळ आहे.”

“नक्की?” साहेबांनी विचारलं.

हा एक शब्द मिस्त्रींनी चार वर्षांत स्वतःला किती वेळा विचारला असेल याला गणती नव्हती.

“नक्की.”

साहेबांनी तरीही भांडारातून लाल उजेडाचं यंत्र मागवलं. ते आलं. त्याचे सेल संपले होते. तेव्हा डिझायनरबाईंनी आपल्या घराची किल्ली काढली, पॅकिंगच्या दोऱ्याला बांधली आणि शिडीवर चढून नाकाच्या शेंड्यावरून खाली सोडली. किल्ली गोल फिरली, डोलली, मग तिचं डोलणं लहान होत गेलं आणि ती थांबली. खडूच्या दोन रेघा जिथं एकमेकींना छेदत होत्या, बरोब्बर तिथं.

मिस्त्री तिकडे पाहतही नव्हते. ते दुमडलेल्या बाह्या खाली सोडून बटणं लावत होते.

“म्हणजे ती भिंत कललेलीच होती,” ते पहारेकऱ्याला म्हणाले.

“कुठली भिंत?”

“आहे एक. जिन्यातली. आता दार उघड.”

दोनशे मुलं आली. ती एकदम ओरडली तेव्हा दालनाच्या काचा हादरल्या, फुगोबा हादरला नाही. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, भाषण केलं, फुगोबाच्या भरीव घोट्यावर दोन थापा मारल्या आणि पाटी वाचून गर्जना केली, “निव्वळ विटा! आत लोखंडाचा तुकडाही नाही!” टाळ्या कडाडल्या. थोरली छताकडे पाहू लागली. डिझायनरबाईंना खोकल्याची उबळ आली. साहेबांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मिस्त्री मागे, पहारेकऱ्याच्या शेजारी उभे राहून गंभीरपणे मान डोलावत होते. पितळ म्हणजे काही लोखंड नव्हे, एवढं तरी खरं होतं.

घरी पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. बायको टीव्हीसमोर बसली होती. तिने त्यांच्या खांद्याकडे पाहिलं.

“पिशवी कुठंय?”

“पोस्टात टाकली.”

“पोस्टात? कुणाच्या पत्त्यावर?”

“पत्ता नाही घातला. तुझ्या त्या पाणघोड्याच्या भरवशावर सोडलीय.”

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मिस्त्रींनी चपला काढल्या, पाय धुतले आणि सगळं सांगितलं. टोपी, दगड, डबा, दोन दोरे, किल्ली. शेवटी ती एवढंच म्हणाली, “गाल फुगीर केलेत ना?”

“हो.”

“मग बरं.”

मिस्त्री समोरच्या खुर्चीवर बसले, सवयीने उठले, भिंतीवरच्या तसबिरीपाशी गेले, तिच्याकडे पाहिलं आणि हात न लावता परत येऊन बसले. बायको उठली. न्हाणीघरातून तिने पिळलेला ओला टॉवेल आणला आणि दारामागे गेली. खुंटी मोकळी होती. तिच्याखाली भिंतीवर पिशवीच्या आकाराचा काळा डाग होता.

चार वर्षं त्या खुंटीसाठी भांडलेली बाई टॉवेल हातात घेऊन तिथं थोडा वेळ उभी राहिली. मग मागच्या दाराने बाहेर गेली आणि टॉवेल कुंपणावर वाळत घातला.